विहिरीचं पाणी गुलाबी नव्हतं

आक्का, तुझ्या शोकसभेत मी काय बोलले ते तुला कुणीतरी सांगायला हवं. तुझा भाऊ सांगणार नाही, माझा नवरा असून तो माझ्याशीच बोलत नाही. माझ्या माहेरचे लोक तुझं नाव काढत नाहीत. तेव्हा मीच लिहिते. तू गेलीस त्याला पंचवीस दिवस झाले आणि माझ्या माहेरची विहीर अजून बंद आहे.

लिहिताना तुला तू म्हणते आहे, घरी म्हणायचे तसं. पाणी तपासायच्या लॅबमधलं तुम्ही आणि मॅडम आता नको.

कामाच्या पहिल्या दिवशी कासूच्या फलाटावर तू मला बजावलं होतंस, की रोह्याला उतरलं की मी तुझी आक्का नाही. गाडीत शेजारी बसायचं नाही. लॅबमध्ये घरचं काही बोलायचं नाही. ‘माझ्या भावाची बायको बाटल्या धुते हे कळलं तर माझ्या रिपोर्टला कोण विचारील?’ असं तू तोंडावर म्हणालीस आणि मी मान हलवली. सहा वर्षं आपण एका घरातून निघालो, एका गाडीने गेलो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसलो. दोघींचे डबे मीच भरायचे. तू केबिनमध्ये जेवायचीस, मी बेसिनपाशी स्टुलावर. एकदा मालकांनी विचारलं, तुम्हा दोघींच्या डब्यात रोज एकच भाजी कशी? तू पाणी पिता पिता म्हणालीस, कासूकडे सगळे हेच खातात. मला हसू आलं होतं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

तरी ती नोकरी तूच दिलीस, हे मी नाकारत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी दारात पाहुणा आला तर आतल्या खोलीत जाऊन उभी राहायचे. नवऱ्याशी बोलताना सुद्धा माझा आवाज निघत नसे. सासूबाई गेल्यावर घरात मी एकटीच दिवसभर. तू एका सकाळी म्हणालीस, ‘चल गो, घरात बसून कुजशील.’ बस, तेवढंच. पुढचं काही विचारलं नाहीस. मी पदर खोचून तुझ्या मागोमाग स्टेशनवर आले. कुणी मला माणसात आणलं असं विचारलं तर मी तुझंच नाव घेईन, आजही.

मशीन तू मला दाखवलंस तो दिवस मला अजून पाठ आहे. दुपारची वेळ होती, लाइट नुकतेच आले होते, सॅम्पल कमी होते. मी बाटल्या पालथ्या घालत होते. तू आपण होऊन बोलावलंस. काचेची ती बोटभर चौकोनी कुपी, क्युवेट, तू माझ्या हातात दिलीस. दोन बाजू खरबरीत असतात, तिथेच धरायचं. दोन बाजू नितळ, तिथे बोट लावायचं नाही, कारण उजेड तिथून जातो. एका बाजूने मशीन उजेड सोडतं, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते बघतं. मधल्या पाण्याने जेवढा गिळला तेवढा आकडा. रंग जेवढा गडद तेवढा आकडा मोठा. आधी ब्लँक लावायचा, म्हणजे ज्यात काही नाही असं पाणी, आणि मशीनला सांगायचं की हे शून्य. मग बाकी सगळं त्या शून्यापासून मोजायचं.

मी विचारलं, आणि शून्यच चुकलं तर? तू माझ्याकडे बघत राहिलीस. चौथी शिकलेल्या बाईने हे विचारावं याचं तुला नवल वाटलं असावं. मग तू खाली टपरीवरून आलेला चहा त्या क्युवेटमध्ये ओतलास, आणि आकडा बघून म्हणालीस, ‘हा चहा नाय गो, हा ब्लँक हाय. झिरोला हाच लावत जाऊ.’ आपण दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसलो. सहा वर्षांत लॅबमध्ये आपण एकत्र हसलो ती तेवढी एकच वेळ. नंतर ती क्युवेट मला चार वेळा धुवायला लावलीस.

त्यानंतर काही महिन्यांनी अंगठ्याचं प्रकरण झालं. एका कंपनीचे साहेब आपलं रीडिंग जास्त का आलं म्हणून भांडायला आले होते. तू क्युवेट काढून उजेडात धरलीस. नितळ बाजूवर बोटाचा ठसा होता. तो माझा होता, मी नाही म्हणत नाही. तू मला बोलावलंस, माझा उजवा हात मनगटाशी धरून वर केलास आणि साहेबांना म्हणालीस, ‘हा बघा तुमचा जास्तीचा आकडा. चौथी पास आहे.’ साहेब हसले. मालक हसले. तू माझा हात सोडलास तो टेबलावर आपटेल असा. संध्याकाळी गाडीत तू तुझ्या बाकावर डोळे मिटून बसली होतीस आणि घरी आल्यावर मला म्हणालीस की आमटीला मीठ कमी आहे.

त्या दिवसापासून मी ठरवलं की यापुढे काचेवरून कुणी माझा हात वर करणार नाही. बेसिनखाली एक जाड काचेची बरणी होती, आत काळपट नारिंगी पाणी. माझ्या आधी बाटल्या धुणारे मामा जाताना मला दाखवून गेले होते: हट्टी डाग असला की हातमोजे घालून यात बुडवायचं, मग नळाखाली भरपूर धुवायचं, काच नवीन निघते. खरंच निघायची. पाणी काचेवरून असं घसरायचं की थेंब उरायचा नाही. आधी मी फक्त डागाला वापरायचे. मग सगळ्या बाटल्यांना, सगळ्या फ्लास्कना, क्युवेटना. तू एकदा फ्लास्क उजेडात धरून बराच वेळ बघितलास आणि काही न बोलता खाली ठेवलास. तुझं काही न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला घरी कळलेलं होतं.

बेसिनच्या वर भिंतीवर एक कागद होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. अक्षर तुझं होतं, पण इंग्रजीत. मला इंग्रजी आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. एकदा मी विचारलं होतं, यात काय लिहिलंय मॅडम? तू वहीतून डोकं वर न काढता म्हणालीस, ‘तुझ्या कामाचं नाय ते.’

तुझ्या कपाटात मात्र वेगळी भांडी असायची, कुलपात. ब्लँकची आणि माहीत असलेल्या प्रमाणाच्या पाण्याची. ती तू स्वतः धुवायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस. मी त्यांना झिरोची भांडी म्हणायचे. मला वाटायचं, एवढी चांगली धुतली तरी माझ्या हाताची भांडी शून्यासाठी चालत नाहीत.

मग माझ्या माहेरचं पाणी आलं. ते गाव तुला माहीत आहे. पेणच्या खारीकडे, तीन बाजूंना खाडीचं पाणी आणि मिठागरं. हातपंप मारला तर खारट लागतो. टेकाडाच्या पायथ्याशी एकच विहीर गोड. त्या वर्षी रस्त्याकडेच्या नाल्यात कुणीतरी टँकर रिकामा करून गेलं होतं, पिवळं पाणी, वास मारणारं. लोक घाबरले. सरपंचांनी माझ्या भावाकडून निरोप पाठवला, तुझी नणंद तपासते ना, बघेल का? मी तुला घरी विचारलं आणि तू हो म्हणालीस. मला किती बरं वाटलं ते तुला कधी सांगितलं नाही. माझ्या माहेरासाठी तू काहीतरी करणार होतीस.

पाणी भरायची ती बाटली मी तीन वेळा धुतली, आक्का. बाकीच्या एकदा, ती तीन वेळा, त्या नारिंगी पाण्यात. माझ्या माहेरची होती म्हणून.

मी स्वतः जाऊन पाणी भरून आणलं. तू औषध घातलंस आणि आपण थांबलो. पाच-दहा मिनिटांत पाण्याला जेमतेम दिसेल असा गुलाबी रंग आला. कागदावर धरल्याशिवाय कळला नसता. मशीनमध्ये टाकलंस, आकडा आला, तुझं तोंड उतरलं. तू मला क्रोमियम हा शब्द दोनदा सांगितलास, हळू, म्हणजे मला गावात नीट बोलता येईल. पंचायतीचे रिपोर्ट तू मराठीत लिहायचीस. ‘पिण्यास अयोग्य’ हे मी स्वतः वाचलं.

शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं होतं. सरपंच म्हणाले, तूच सांग. मी आयुष्यात चार माणसांपुढे बोलले नव्हते. मी उभी राहिले आणि बोलले. पाणी पिऊ नका, भात शिजवू नका, पोरांना देऊ नका. आमचे बाळाकाका, ज्यांच्या आज्याने ती विहीर खणली असं ते सांगतात, म्हणाले की आम्ही जन्मापासून पितोय, आम्हाला काय झालं? मी म्हणाले, ‘काका, ते डोळ्याला दिसत नाय. मशीनला दिसतं.’ मला स्वतःचा आवाज आवडला. खरं सांगते, घरी येताना गाडीत मी तोच आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली, कठड्याला लाल रंग लागला. तुला गावाने बोलावून शाल-नारळ दिला. बाया पाणी आणायला मोठ्या रस्त्यावरच्या पाइपच्या नळावर जायला लागल्या, खाडी अडवणाऱ्या खारबांधावरून, अर्धा तास जाऊन अर्धा तास येऊन. माझी आईसुद्धा. भाऊ कामाला, वहिनीचं बाळंतपण, कोण जाणार? पावसाळा संपता संपता बांधाच्या चिखलात आई हंड्यासकट घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर आहे.

तू तिला बघायला माझ्याबरोबर आलीस. मोसंब्या आणल्यास. खाटेच्या कडेला बसलीस. आईने तुझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, ‘तू होतीस म्हणून गाव वाचला गो बाय. माझा पाय गेला तो गेला, पोरं तरी वाचली.’ तू मान हलवलीस. मग तू माझ्या भावाला म्हणालीस की विहिरीतलं थोडं पाणी दे, बघते आता कसं आहे. त्याने जाळी उघडून दिली. तू पिशवीतून नवी कोरी प्लॅस्टिकची बाटली काढलीस आणि भरून घेतलीस. मला वाटलं, बघा, माझ्या आईसाठी किती करते. येताना गाडीत तू पहिल्यांदा माझ्या शेजारी बसलीस. कासू येईपर्यंत काही बोलली नाहीस. मी तो प्रवास किती दिवस जपून ठेवला होता.

आता कळतं की तुला तेव्हा सगळं माहीत होतं.

त्याच्या दीड महिना आधी दुसरी एक कंपनी तक्रार घेऊन आली होती. त्यांचं पाणी दुसऱ्या लॅबमध्ये स्वच्छ निघालं होतं, आपल्याकडे क्रोमियम. तू बेसिनपाशी आलीस, खाली वाकलीस, बरणी बघितलीस. मी शेजारीच उभी होते. तू हातमोजे घातलेस, बरणी उचललीस आणि कचरा नेणाऱ्या गाडीबरोबर पाठवून दिलीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या नव्या आल्या. मला म्हणालीस, यापुढे फक्त साबण. ओरडली नाहीस. मी त्या दिवशी खूश होते, आक्का. मला वाटलं, सहा वर्षांनी तू मला न ओरडता काही सांगितलंस.

त्या कंपनीचं पाणी तू पुन्हा तपासून दिलंस, पत्र लिहून माफी मागितलीस. ती विचारायला येऊ शकत होती. माझ्या माहेरचं कुणी विचारायला येणार नव्हतं. त्यांचा तर तुझ्यावर विश्वास होता.

तू कशी गेलीस ते लिहीत नाही, मला आणि तुला दोघींना माहीत आहे, दहा मिनिटांत सगळं झालं. सुतक फिटल्यावर मी लॅबमध्ये गेले. तुझ्या जागी नवीन मॅडम आल्या होत्या, पन्नाशीच्या, शांत. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला आणि सहज मला विचारलं, इथे कधी क्रोमिक ॲसिडने काच धुवायचे का? मी विचारलं, कागदावर काय आहे? त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. क्रोमियमच्या तपासणीची काच क्रोमिक ॲसिडने धुवू नये. त्यातच क्रोमियम असतं, ते काचेला चिकटून राहतं, कितीही धुतलं तरी थोडं राहतं. तुझ्या झिरोच्या भांड्यांत ते नव्हतं, म्हणून शून्य बरोबर आणि माझ्या बाटल्या चुकीच्या. मी स्टुलावर बसले. त्यांना वाटलं, मी तुझ्या आठवणीने रडते आहे, म्हणून त्यांनी पंखा लावला.

तुझं टेबल रिकामं करायचं काम मलाच दिलं. खालच्या खणात, जुन्या वह्यांच्या तळाशी, विहिरीचा दुसरा रिपोर्ट सापडला. तुझ्या सुबक मराठी अक्षरात. क्रोमियम आढळले नाही. पिण्यास योग्य. त्याखाली एक ओळ होती, ‘आधीच्या निष्कर्षाशी फरकाचे कारण’, आणि पुढे टिंबटिंब. तिथे तू काहीच लिहिलं नव्हतंस. सहीची जागाही कोरी.

त्या कोऱ्या ओळीवर मी तुझ्याशी रोज भांडते. तिथे काय लिहिणार होतीस? बाटली धुणाऱ्या बाईने चुकीचं धुतलं, असं? मग विचारलं असतं, तिला सांगितलं नव्हतं का? सूचना लावली होती. कुठल्या भाषेत? तिला ती वाचता येत होती का? ती तुमची कोण? एका ओळीत किती उत्तरं द्यावी लागली असती तुला. कधी वाटतं, तू मला वाचवायला ती ओळ कोरी ठेवलीस. मग आठवतं की साहेबांसमोर माझा हात वर करताना तुला काही वाटलं नव्हतं. मग पुन्हा वाटतं, आई तुझा हात धरून बोलली त्या क्षणी तुला सांगता आलंच नसेल. आणि मग आई खाटेवर कुशीवर वळताना जो आवाज काढते तो आठवतो, आणि मला तुझं काही समजून घ्यायचं नसतं.

तुझ्या भावाला मी कागद दाखवला. तू त्याला आईसारखं सांभाळलंस, तो काय म्हणणार? तो म्हणाला, ‘आक्का गेली. आता तिला उघडी पाडून तुला काय मिळणार?’ मी म्हणाले, विहीर. तो उठून अंगणात गेला.

मी गप्प राहून नवा रिपोर्ट आणू शकले असते. सांगितलं असतं की पाणी आता सुधारलं, पावसाने वाहून गेलं. तुझी शाल तुझ्या अंगावर राहिली असती, माझा आवाजही राहिला असता. नव्या मॅडमना मी विहिरीचं ताजं पाणी नेऊन दिलं. त्यांनी औषध घातलं, आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी क्युवेट पांढऱ्या कागदावर धरून बघत राहिले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. मॅडमनी सही करून दिली आणि म्हणाल्या, पंचायतीत देऊन टाका, कारण विचारलं तर मला फोन करायला सांगा. त्यांनी सगळं माझ्यासाठी सोपं करून ठेवलं होतं.

आईला मी सगळं आधी सांगितलं, खाटेपाशी बसून. बाटलीचं, बरणीचं, तुझ्या खणातल्या कागदाचं. ती छताकडे बघत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘म्हंजे मी फुकट पडले.’

शोकसभा त्याच शाळेच्या व्हरांड्यात होती. टेबलावर तुझा फोटो, शाल घेतानाचा, त्याला हार. तुझा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. हेडमास्तरांनी भाषण केलं, तुझ्यामुळे गावावरचं संकट टळलं असं म्हणाले. सरपंचांनी मला हाक मारली, घरच्या म्हणून दोन शब्द. मी उभी राहिले. मी घरून जे ठरवून आले होते ते एवढंच होतं: ‘बाटली मी धुतली होती, चुकीच्या औषधाने. विहिरीच्या पाण्यात काय नव्हतं.’ एवढं बोलून मी बसू शकत होते. विहीर उघडायला एवढं पुरे होतं. पण मी तुझ्या फोटोकडे बघितलं, शालीत तू बरी दिसत होतीस, आणि मी म्हणाले, ‘आक्काला ते माहीत होतं. माझ्या आईच्या खाटेवर बसली तेव्हा पण माहीत होतं.’

ते वाक्य विहिरीसाठी नव्हतं. ते मी माझ्यासाठी बोलले. मला त्याची लाज वाटते आणि वाटतही नाही.

तुझा भाऊ उठून गेला. तो कासूला एकटाच परतला, मला घ्यायला अजून आलेला नाही. फोटोपुढची अगरबत्ती कुणी विझवली नाही, पण ती संपल्यावर दुसरी कुणी लावली नाही. मग बाया एकदम बोलायला लागल्या. कुणाच्या मानेला हंडा वाहून दुखणं लागलं होतं. कुणाच्या पोरीची शाळा बुडाली होती, नळावरच्या रांगेत. एक जण मला म्हणाली की तुझ्या हाताला किडे पडतील. मी नवा रिपोर्ट पुढे केला. तो कुणी हातात घेतला नाही.

बाळाकाका म्हणाले, ‘तवा बोललीस मशीनला दिसतं. आता काय, मशीनचे डोळे आले?’ लोक हसले. तो हसण्याचा आवाज मला त्या शिव्यांपेक्षा जास्त लागला. एक कागद म्हणतो विष, एक म्हणतो गोड, दोन्ही तुमच्या घरचेच, असं ते म्हणाले. आम्ही कुठला धरायचा? मी म्हणाले, नव्या मॅडम आमच्या घरच्या नाहीत. ते म्हणाले, बाटली कुणी नेली? बाटली मीच नेली होती.

शेवटी त्यांनीच ठरवलं आणि सगळ्यांनी ते मानलं. ‘महिनाभर तू पी. रोज, आमच्यासमोर. तुला काय नाय झालं तर बघू.’

म्हणून मी माहेरी आहे. लॅबमधून रजा घेतली आहे. सरपंचांनी जाळीची किल्ली माझ्याकडे दिली. रोज सकाळी बाया हंडे घेऊन नळाकडे निघतात तेव्हा मी जाळी उघडते, कळशी सोडते आणि तांब्याभर पाणी त्यांच्यासमोर पिते. सगळ्या थांबून बघतात. बाळाकाका कठड्यापासून चार हात लांब दगडावर बसलेले असतात. ते मला जीभ काढायला लावतात. मग नखं दाखव म्हणतात. मी दाखवते. सहा वर्षं मी कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती, आणि आता अख्खं गाव माझी जीभ बघतं. मग बाया बांधाच्या दिशेने जातात, रिकामे हंडे घेऊन, मी भरलेली कळशी कठड्यावर ठेवते तिच्या बाजूने. त्यांच्यात एक मावशी आहे, तिने मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. काल ती थोडी मागे राहिली आणि विचारलं, ‘पोटात काय व्हतंय का गो?’ मी म्हणाले, नाय. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग बाकीच्यांना गाठायला भराभर गेली.

पाणी गोड आहे, आक्का. तू कधी चाखलंच नाहीस. तू आईला भेटायला आलीस तेव्हा तुला नळाचं दिलं होतं.

तू एक सही केली असतीस तर यातलं काही झालं नसतं. तू होतीस तोवर तुझ्या शब्दावर त्यांनी विहीर बंद केली, तुझ्या शब्दावर उघडलीही असती. तेवढ्यापुरतं तू माझा हात पुन्हा वर केला असतास तरी चाललं असतं. मी उभी राहिले असते. मी रागावले असते, रडले असते, संध्याकाळी तुझी आमटी केली असती. तू इतकी हुशार, आणि हे तुला कळलं नाही.

आज नववा दिवस. सकाळी पिऊन आले आणि आईच्या उशाशी तांब्या ठेवला. त्यात नळाचं पाणी होतं, वहिनी तेच भरते. आईने तांब्या हाताने सरकवला आणि म्हणाली, मला ते नको, तू पितेस ते दे. मी म्हणाले, आई, महिना होऊ दे, काका ओरडतील. ती म्हणाली, ‘अगो, त्यांना विचार की, दोघी प्यालो तर पंधरा दिवसात व्हईल का?’

मला इतकं हसू आलं की मी खाटेचा खूर धरून खाली बसले. आईही हसली, हसताना तिचा पाय दुखला, तरी हसली. मग मी कळशीतलं पाणी तिला दिलं. ती सावकाश प्याली, तोंड पुसलं आणि म्हणाली की मी खरंच विचारते आहे, उद्या विचार.

उद्या सकाळी मी सगळ्यांसमोर विचारणार आहे.